मालदीवची नक्कल म्हणजे मालदीववर विजय नव्हे

जानेवारी २०२४ च्या पहिल्या आठवड्यात पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी लक्षद्वीपला भेट दिली. तेथील निळ्या पाण्याची आणि पांढऱ्या वाळूची छायाचित्रे देशभर पोहोचली. त्यावर मालदीवच्या तीन उपमंत्र्यांनी केलेली हीन शेरेबाजी भारतीयांच्या जिव्हारी लागली. त्या तिघांना निलंबित करण्याची पाळी मालदीव सरकारवर आली. हजारो भारतीयांनी मालदीवच्या सहली रद्द केल्या. 'आता मालदीव नको, लक्षद्वीप' ही घोषणा घराघरांत गेली. स्वाभिमान दुखावलेल्या समाजाची ती स्वाभाविक आणि निरोगी प्रतिक्रिया होती, तिचे स्वागतच केले पाहिजे.

परंतु स्वाभिमानाच्या लाटेवर स्वार होऊन जे दुसरेच काही किनाऱ्याला लागू पाहत आहे, त्याचे स्वागत करता येणार नाही. 'लक्षद्वीपला भारताचे मालदीव बनवू' हे वाक्य त्या दिवसांपासून पुढारी, उद्योजक, पर्यटन व्यावसायिक आणि वृत्तवाहिन्यांचे निवेदक यांच्या तोंडी बसले आहे. ते ऐकायला गोड वाटते. प्रत्यक्षात त्यात पराभवाची कबुली आहे. ज्याचा निषेध करायचा त्याचेच अनुकरण करणे हा स्वदेशीचा विचार नव्हे. इंग्रज गेले तरी इंग्रजियत राहिली, याची खंत ज्या समाजाने अर्धशतकाहून अधिक काळ वाहिली, त्याच समाजाने पर्यटनाच्या क्षेत्रात परक्याचा साचा डोळे मिटून उचलावा, हे अनाकलनीय आहे.

३२ चौरस किलोमीटरांची भूमी

प्रथम लक्षद्वीप म्हणजे किती, हे नीट समजून घेतले पाहिजे. अरबी समुद्रातील या ३६ बेटांचे एकूण क्षेत्रफळ अवघे ३२ चौरस किलोमीटर आहे. मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान याच्या तिपटीहून मोठे आहे. त्यातील दहा बेटांवर कायमची वस्ती असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ६४,४७३ आहे. म्हणजे दर चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसे. 'ओसाड, रिकामी बेटे पडून आहेत' ही मुख्य भूमीवरील समजूत किती चुकीची आहे, हे एवढ्या आकड्यांवरूनच स्पष्ट व्हावे. राहती बेटे रिकामी नाहीत, ती भरलेली आहेत. जी रिकामी आहेत ती बहुतेक इतकी चिमुकली आहेत की त्यांवर माणसाने कायमचे न राहण्याचा निर्णय शतकानुशतकांच्या अनुभवातून घेतलेला आहे.

या भूमीची जडणघडणही वेगळी आहे. अंदमानची बेटे समुद्रात बुडालेल्या पर्वतरांगांची शिखरे आहेत. तेथे डोंगर आहेत, झरे आहेत, अरण्ये आहेत. लक्षद्वीप ही कंकणद्वीपे आहेत. समुद्रातील अतिसूक्ष्म जीवांनी युगानुयुगे रचलेल्या प्रवाळांच्या कड्यावर साचलेली वाळू, एवढाच त्यांचा देह. समुद्रसपाटीपासून त्यांची उंची काही मीटरच आहे. तेथे नदी नाही, ओढा नाही, टेकडी नाही. ज्या भूमीचा पायाच जिवंत आहे, तो जीव गेला तर भूमी जाते. हे काव्य नव्हे. बंगारम कंकणद्वीपातील पराली-१ हे निर्मनुष्य बेट झिजून समुद्रात पूर्णपणे नाहीसे झाल्याचे संशोधकांनी २०१७ मध्ये नोंदविले आहे. भारताच्या नकाशावरील एक बेट कोणत्याही शत्रूने आक्रमण न करता गेले, आणि देशात एक निषेधसभाही झाली नाही!

मालदीवने काय कमावले?

मालदीवचे वैभव डोळे दिपविणारे आहे, हे मान्य केलेच पाहिजे. १९७२ मध्ये तेथे पहिले पर्यटक-निवास सुरू झाले. २०२४ मध्ये त्या देशाला भेट देणाऱ्यांची संख्या वीस लाखांवर गेली. सव्वापाच लाखांहूनही कमी वस्तीच्या देशाने हे साधले. मात्र या यशाचा ताळेबंद पूर्ण वाचला पाहिजे, केवळ जमेची बाजू वाचून चालणार नाही.

राजधानी माले सुमारे दोन चौरस किलोमीटरचे बेट आहे आणि त्यावर लाखाहून अधिक माणसे दाटीवाटीने राहतात. जागा पुरत नाही म्हणून १९९७ पासून समुद्रात भराव घालून हुलहुमाले हे नवे शहर उभारावे लागले. कचरा टाकायला जागा नाही म्हणून नव्वदीच्या दशकाच्या प्रारंभापासून थिलाफुशी नावाचे उथळ पाणी कचऱ्याने भरण्यात आले, आणि त्यातून एक बेटच तयार झाले. ज्या देशाच्या जाहिरातीत स्वर्ग दिसतो, त्याच देशात राजधानीच्या शेजारी कचऱ्याचे बेट वर्षानुवर्षे धुमसत होते.

पाण्याची कथा तर भारतीयांना ठाऊक असलीच पाहिजे. डिसेंबर २०१४ मध्ये मालेतील समुद्राचे पाणी गोडे करणाऱ्या प्रकल्पाला आग लागली आणि एका दिवसात राजधानीचे नळ कोरडे पडले. कारण जमिनीखालचे गोडे पाणी केव्हाच संपलेले होते. त्या वेळी धावून गेला तो भारत. वायुदलाची विमाने पिण्याचे पाणी घेऊन उतरली, आयएनएस सुकन्या आणि आयएनएस दीपक या नौदलाच्या जहाजांनी पाणी पोहोचविले. शेजाऱ्याला तहानेने व्याकूळ झालेले पाहून ज्या देशाने पाणी पाजले, त्याच देशाने आपल्या बेटांना त्याच तहानेच्या वाटेवर ढकलावे काय?

रोजगाराचा मुद्दा हमखास पुढे केला जातो. तोही तपासावा. मालदीवच्या २०२२ च्या जनगणनेत तेथील रहिवाशांपैकी सुमारे एक चतुर्थांश लोक परदेशी आढळले. ते प्रामुख्याने कामासाठी आलेले. आलिशान निवासांची साखळी उभी राहिली की भांडवल बाहेरचे, व्यवस्थापन बाहेरचे, भाजीपाला बाहेरचा आणि मनुष्यबळही बाहेरचे येते. स्थानिकाच्या वाट्याला नोकऱ्यांचा एक भाग येतो, आणि कचरा मात्र पूर्णच येतो. एवढे करून देश सावकाराच्या दारातून सुटला असता तरी गोष्ट वेगळी होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये मालदीवला परकीय चलनाच्या टंचाईतून सावरण्यासाठी भारताने ४० कोटी डॉलर आणि ३ हजार कोटी रुपयांच्या चलन-अदलाबदलीचा हात दिला. वीस लाख पर्यटकांच्या वर्षातच हे घडले, हे विसरता कामा नये.

पाण्याचा हिशेब

लक्षद्वीपमध्ये पावसाचे पाणी प्रवाळाच्या सच्छिद्र वाळूत मुरते आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर एखाद्या पातळ भिंगासारखे तरंगत राहते. पिढ्यान्‌पिढ्या बेटवासीयांनी विहिरीतून पोहऱ्याने ते अलगद काढले. विजेचा पंप लावून उपसा वाढविला की खालचे खारे पाणी वर येते आणि विहीर कायमची नासते. हे गोडे पाणी जमिनीपासून इतके जवळ असते की शौचकुपातील झिरप सरळ त्यात मिसळते.

म्हणूनच चेन्नईच्या राष्ट्रीय सागर प्रौद्योगिकी संस्थेने २००५ मध्ये कवरत्ती येथे उभारलेला प्रकल्प हा भारतीय विज्ञानाचा अभिमानास्पद टप्पा ठरतो. समुद्राच्या पृष्ठभागावरील उबदार पाण्याची निर्वातात वाफ करायची आणि खोल समुद्रातील थंड पाण्याने ती वाफ थंड करून गोडे पाणी मिळवायचे, अशी ही स्वदेशी पद्धत. त्याची क्षमता दिवसाला १ लाख लिटर होती. कवरत्तीची २०११ ची लोकसंख्या होती ११ हजारांवर, म्हणजे माणशी जेमतेम ९ लिटर. कदमत बेटावर दिवसाला दीड लाख लिटरच्या अशाच प्रकल्पाचे उद्घाटन पंतप्रधानांनी जानेवारी २०२४ च्या त्याच भेटीत केले. कदमतची २०११ ची लोकसंख्या ५,४०४. तेथे माणशी २८ लिटरच्या आसपास पाणी मिळेल. बेटावरील माउलीच्या डोईवरचा भार त्यामुळे उतरला, याबद्दल शासनाचे अभिनंदनच केले पाहिजे.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२३ मध्ये देशातील एका अग्रगण्य हॉटेल कंपनीने सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांचे पंचतारांकित निवास जाहीर केले. त्यांत सुहेलीला ५० आणि कदमतला ३५ खोल्या थेट पाण्यावर खांब रोवून बांधायच्या आहेत. भारतीय मानकांनुसार साध्या हॉटेलातही खाटेमागे दिवसाला १८० लिटर पाणी धरले जाते. ११० खोल्यांत २२० पाहुणे धरले तर दिवसाला सुमारे ४० हजार लिटर होतात. म्हणजे कदमतच्या साडेपाच हजार रहिवाशांसाठी जेवढे पाणी तयार होते, त्याच्या चौथ्या हिश्शाहून अधिक पाणी २२० पाहुण्यांना लागणार. तरणतलाव, हिरवळ आणि नोकरवर्ग यांची गरज वेगळीच.

'हॉटेल स्वतःचे पाणी स्वतः तयार करील', असे उत्तर यावर दिले जाते. करील, यात शंका नाही. पण त्या यंत्राला वीज लागेल, आणि लक्षद्वीपची वीज मुख्यतः मुख्य भूमीवरून जहाजाने आणलेल्या डिझेलवर चालते. नेहमीच्या पद्धतीने गोडे पाणी काढल्यावर उरलेले अतिखारे पाणी कुठे सोडायचे? त्याच उथळ पाण्यात, जेथे प्रवाळ जगतो. प्रश्न सुटत नाही, तो फक्त खोलीतून उचलून अंगणात टाकला जातो.

प्रवाळ गेला तर उरणार काय?

प्रवाळभिंत ही या बेटांची तटबंदी आहे. पावसाळ्यातील अजस्र लाटा भिंतीवर फुटतात, म्हणून आतले लगून शांत राहते आणि किनारा टिकतो. किनाऱ्यावरची पांढरी वाळूही प्रवाळाचीच देणगी. याच शांत पाण्यात आमिषासाठी लागणारी बारीक मासळी मिळते. मिनिकॉयसारख्या बेटांचे कोळी ती पकडून खुल्या समुद्रात जातात आणि गळकाठीने ट्यूना मासा एकेक करून काढतात. जाळ्याने समुद्र खरवडून काढणाऱ्या यांत्रिक मासेमारीपेक्षा ही पद्धत कितीतरी संयमी आहे. प्रवाळ मेला की आमिषाची मासळी संपते, आमिष संपले की ट्यूना हाती लागत नाही आणि बेटाचा स्वयंपूर्ण व्यवसाय बुडतो.

हा प्रवाळ आज आधीच आजारी आहे. समुद्राचे तापमान वाढल्यामुळे १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये तो मोठ्या प्रमाणावर पांढरा पडला. २०२४ मध्ये पर्यटनाच्या घोषणा टिपेला पोहोचल्या होत्या; नेमक्या त्याच उन्हाळ्यात केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने लक्षद्वीपमधील प्रवाळ पुन्हा तीव्रतेने पांढरा पडत असल्याचा इशारा दिला. तापमानवाढ हा साऱ्या जगाने मिळून केलेला अपराध आहे, त्याचे खापर लक्षद्वीपच्या माथी फोडता येणार नाही. परंतु रुग्ण ज्वराने फणफणला असताना त्याच्या छातीवर खांब रोवायचे, बोटींसाठी तळ उपसायचा आणि सांडपाणी सोडायचे, याला उपचार म्हणत नाहीत.

दोन्ही टोकांचा ढोंगीपणा

या विषयात तथाकथित पुरोगाम्यांचे वर्तनही तपासले पाहिजे. २०२१ मध्ये लक्षद्वीप प्रशासनाने काही नियमांचे मसुदे प्रसिद्ध केले, तेव्हा एकच गदारोळ उठला. केरळ विधानसभेने त्याविरुद्ध ठराव केला. चर्चा कशावर झाली? गोमांस, मद्य, आणि 'अल्पसंख्याकांवर आक्रमण' या ठरावीक आरोळीवर. बेटाच्या भूमीचा, पाण्याचा आणि प्रवाळाचा मूलभूत प्रश्न त्या कोलाहलात वाहून गेला. विकास प्राधिकरणाला जमिनीच्या नियोजनाचे व संपादनाचे किती व्यापक अधिकार असावेत, हा खरोखर विचारण्याजोगा प्रश्न होता. तो विचारला असता तर त्याला सर्व विचारांच्या लोकांचा पाठिंबा मिळाला असता. मात्र ज्यांना प्रश्न सोडवायचा नसून पेटवायचा असतो, त्यांना पाण्याच्या भिंगात रस नसतो.

दुसऱ्या टोकाला विकासाच्या नावाने आंधळे झालेले लोक आहेत. पर्यावरणाचा शब्द उच्चारणारा प्रत्येक जण त्यांना विदेशी पैशावर पोसलेला वाटतो. ही सोयीस्कर समजूत सोडली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये नेमलेल्या न्या. आर. व्ही. रवींद्रन समितीने लक्षद्वीपच्या प्रत्येक बेटासाठी स्वतंत्र एकात्मिक व्यवस्थापन आराखड्याचा मार्ग दाखविला. ती कोणा विदेशी संस्थेची कारस्थानी टोळी नव्हती. देशाच्याच न्यायव्यवस्थेने, देशाच्याच वैज्ञानिकांना सोबत घेऊन आखलेली ती लक्ष्मणरेषा आहे. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांत एकात्म मानवदर्शन मांडले, तेव्हा निसर्गाची उधळपट्टी करणाऱ्या अर्थव्यवस्थेविषयी सावध केले होते. त्यांच्या प्रतिमेला हार घालायचा आणि अर्थकारण मात्र भोगवादाचे चालवायचे, हा ढोंगीपणा पुरोगाम्यांच्या ढोंगीपणाहून कमी दर्जाचा नाही.

वसलेले गाव हेच ठाणे

या बेटांमुळे भारताला सुमारे चार लाख चौरस किलोमीटरचे विशेष आर्थिक सागरी क्षेत्र लाभले आहे. मिनिकॉयजवळून जगाच्या व्यापाराचा महामार्ग जातो. कवरत्तीला २०१२ मध्ये आयएनएस द्वीपरक्षक आणि मिनिकॉयला मार्च २०२४ मध्ये आयएनएस जटायू हे नौदलाचे तळ कार्यान्वित झाले, ते याच कारणाने. संरक्षणाच्या या सिद्धतेविषयी कोणत्याही देशभक्ताच्या मनात दुमत असू शकत नाही.

पण सीमा केवळ तोफांनी राखली जात नाही. १९९९ मध्ये कारगिलच्या शिखरांवरील घुसखोरी प्रथम पाहिली ती गुराख्यांनी. समुद्रात रोज होडी घालणारा बेटवासी कोळी हा नौदलाचा विनावेतन डोळा आहे. तो बेटावर टिकला पाहिजे, समाधानाने टिकला पाहिजे. जुलै २०२५ मध्ये वस्ती असलेल्या सर्वांत लहान बित्रा बेटाची संपूर्ण भूमी संरक्षणाच्या प्रयोजनासाठी संपादित करण्याच्या दृष्टीने सामाजिक परिणाम अभ्यासाची अधिसूचना निघाली. तेव्हा तेथील कुटुंबे अस्वस्थ झाली. राष्ट्राची गरज असेल तर ती त्यांना विश्वासात घेऊन सांगितली पाहिजे. भूमीसाठी त्याग सैनिकाने करावा आणि तिच्यावरचा उपभोग पर्यटकाने घ्यावा, मध्ये बेटवासीयाने फक्त बोचके आवळावे, हा न्याय राष्ट्रीय एकात्मतेला पोषक नाही. लक्षद्वीपचा नागरिक भाषेने मल्याळी असो की महल, तो या राष्ट्रकुटुंबाचा घटक आहे. कुटुंबातील एका भावाचे घर विकून दुसऱ्याची सहल साजरी होत नसते.

अंदमानचा आरसा

पर्यटकाचे वर्तन कोणत्या थराला जाऊ शकते, याचा आरसा अंदमानने २०१२ मध्ये दाखविला. खाऊच्या आमिषावर जारवा जनजातीच्या स्त्रियांना नाचायला लावल्याचे चित्रीकरण जगापुढे आले आणि देशाची मान खाली गेली. जारवांच्या अरण्यातून जाणारा महामार्ग त्या टापूत बंद करावा, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितले होते. तरीही गाड्यांचे तांडे जात राहिले. त्या गाड्यांत कोण होते? सुशिक्षित, सुस्थित, मध्यमवर्गीय भारतीय कुटुंबे. वनवासी बांधव हा शब्द भाषणात वापरणाऱ्यांनी त्याच्याकडे प्राणिसंग्रहालयातील प्राण्याप्रमाणे पाहावे, याहून मोठी विसंगती कोणती?

मराठी माणूस अंदमानला जातो तो सेल्युलर जेलच्या ओढीने. स्वातंत्र्यवीर सावरकरांनी १९११ पासून तेथे भोगलेल्या यातनांपुढे तो नतमस्तक होतो, डोळे पुसतो. दुपारी त्याच हाताने प्लास्टिकची बाटली किनाऱ्यावर टाकतो आणि प्रवाळाचा तुकडा खिशात घालतो. कोठडीपुढे वाहिलेली श्रद्धांजली आणि किनाऱ्यावर केलेली घाण एकाच भूमीच्या वाट्याला येते, याचे भान सुटते. तीर्थयात्रा आणि चैन यांत भेद करणारी दृष्टी ज्या संस्कृतीने दिली, तिच्या उपासकांना हे सांगावे लागावे, हीच शोकांतिका आहे.

मार्ग आहे, इच्छा हवी

याचा अर्थ बेटांवर पर्यटन नकोच, असा मुळीच नाही. बेटावरच्या तरुणाला रोजगार हवा आहे. मोठ्या आजारासाठी त्याला कोची गाठावे लागते, तेथे चांगले रुग्णालय हवे. पर्यटनातून हे साधावे. मात्र साचा मालदीवचा नको, लक्षद्वीपचाच हवा, आणि तो अस्तित्वातही आहे. लक्षद्वीप प्रशासनाच्या जुन्या सहल योजनेत पर्यटक जहाजानेच येतात, दिवसा कवरत्ती, कल्पेनी, मिनिकॉय अशी बेटे पाहतात आणि रात्री मुक्कामाला जहाजावरच परततात. बेटाच्या भूमीवर नवी भिंत उभी राहत नाही, विहिरीवर रात्रीचा ताण पडत नाही. या पद्धतीचा विस्तार करता येईल, जहाजे वाढविता येतील, ती अधिक सुखसोयींची करता येतील.

त्याच्या जोडीला काही नियम अटळ आहेत. आधी बेटाची सहनक्षमता ठरावी आणि मग खोल्यांची संख्या, उलट नव्हे. लगूनमध्ये खांब रोवलेली एकही खोली नसावी. जो पाणी वापरील त्याने सौरऊर्जेवर ते तयार करावे. जे प्लास्टिक बेटावर येईल ते त्याच जहाजाने मुख्य भूमीवर परत जावे. निवास बेटवासीयांच्या घरांत आणि त्यांच्या सहकारी संस्थांच्या मालकीचे असावेत. बाहेरच्यांच्या खरेदीपासून तेथील जमिनीला १९६४ च्या विनियमाने दिलेले संरक्षण कोणत्याही पळवाटेने सैल होता कामा नये.

शासनाने हे नियम करावेत, हे खरेच. पण शासनापूर्वी समाजाने स्वतःला नियम घालून घ्यावेत, ही या देशाची रीत आहे. जानेवारी २०२४ मध्ये ज्या कुटुंबांनी मालदीवची तिकिटे रद्द केली, त्यांनी निर्धार काय असतो हे दाखवून दिले. तोच निर्धार आता अधिक कठीण कामी लागला पाहिजे. लक्षद्वीपला जाणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने पाण्यावरच्या खोलीचा आग्रह न धरता जहाजावरचा मुक्काम स्वीकारावा, कचरा परत आणावा आणि प्रवाळाला हात लावू नये. प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या खासदाराला आणि आपल्या परिचयातील पर्यटन व्यावसायिकाला सहनक्षमतेचा प्रश्न विचारावा. मालदीवशी बिघडलेले संबंध राजनीतीने सावरले. जुलै २०२५ मध्ये पंतप्रधान तेथील स्वातंत्र्याच्या साठाव्या वर्धापनदिनाला पाहुणे म्हणून गेले. देशांमधले रुसवे निघतात. झिजून गेलेले बेट मात्र परत येत नाही. पराली-१ गेले आहे. उरलेली ३५ राखायची की उपभोगायची, याचा निर्णय याच पिढीला करायचा आहे.